खालच्या गावची पाळी

(जोस पठाराच्या कडेचा एक डोंगर. इंग्रजांचं राज्य नवंनवं आहे. निवडुंगाच्या कुंपणाआड, घरासमोरच्या दगडावर म्हातारा गोतोम बसला आहे. त्याची बायको नानरेत ज्वारीच्या दारूची मडकी धुते आहे. मैदानातला जावई तान्को, साहेबाचा दुभाषी, धापा टाकत नुकताच चढून आला आहे.)

तान्को : म्हणजे परवा खालच्या गावात कोणी म्हणजे कोणीच नसणार?

गोतोम : परवा पेरणीचं बी जागवायचंय. त्या दिवशी डोंगराचा माणूस डोंगरावर. पाणी पी आधी.

तान्को : पाणी राहू द्या, बाबा. परवा साहेब येतोय. खालचं गाव पाहायला.

नानरेत : मग त्याला सांगा, चार दिवसांनी या. तेव्हा मडकीही मुरलेली असतील.

तान्को : आई, तो इंग्रज आहे, तुमचा व्याही नाही. गेल्या उन्हाळ्यात काय म्हणाला होता? डोंगर सोडा, मैदानात राहा, नाहीतर वरची घरं जाळतो. पलीकडच्या डोंगरावर जाळलीच ना?

गोतोम : आम्ही कुठे नाही म्हटलं? त्यानं सांगितलं तिथं गाव बांधलं. त्यानं दोरी धरून रस्ता आखला, तो तसाच सरळ ठेवला. सापसुद्धा इतका सरळ जात नाही. तरी ठेवला.

तान्को : बांधलंत खरं. पण राहतं कोण?

नानरेत : पाळीनं राहतो की! एकेका भावकीवर राज्य येतं. सध्या माझ्या धाकट्या भावावर आहे. रोज निरोप पाठवतो, ताई, डासांनी फोडून काढलंय, या राज्यातून सोडव.

गोतोम : आमच्यावर होतं तेव्हा मी तक्रार केली होती का?

नानरेत : तुम्ही? तुम्ही दुसऱ्याच दिवशी गुडघे धरून वर आलात. तुमच्या वाटणीची प्रजा मी झाले.

तान्को : हे सगळं मला ठाऊक आहे. मीच त्याला सांगत असतो, लोक रमले म्हणून. मागच्या खेपेला तो एका घरात शिरला, चुलीत वाकून पाहिलं. काजळीचा ठिपका नाही! आणि तो काय म्हणाला? किती स्वच्छ लोक आहेत!

गोतोम : भला माणूस आहे.

तान्को : भला? तुम्ही त्याच्या तोंडावर म्हणालात की तुझ्या आजोबांच्या थडग्यावर माकडं नाचोत.

गोतोम : मग? तू काय सांगितलंस त्याला?

तान्को : सांगितलं, बाबा म्हणतात तुमच्या घराण्यात सदैव आनंद असो. तेव्हापासून तो तुम्हाला मानतो. म्हणून तर गाव दाखवायला थोरल्या साहेबालाही आणतोय. एक गोळी न झाडता डोंगर खाली आणला, असं त्यानं वर कळवलंय. बढती आहे त्यात. दोघं घोड्यावरून उतरायच्या आधी दुर्बिणीतून काय पाहतील? धूर. घराघरातून धूर निघाला म्हणजे माणसं आहेत, माणसं आहेत म्हणजे राज्य आहे. धूर नाही दिसला, तर दुर्बीण इकडे वळेल. वर.

नानरेत : अहो, मग माझ्या भावाला थांबवा तेवढा एक दिवस. चुली पेटवील आणि येईल.

गोतोम : परवा सकाळी साऱ्या डोंगराच्या चुली विझणार. एकच आग, वरच्या शिळेपाशी. आपल्यातल्या कोणी दुसरीकडे ठिणगी पाडली, तर अचाचं, आपल्या बारीक धान्याचं, बी जमिनीत झोपून राहतं. माझ्या वडिलांच्या वेळी एकानं नुसती चिलीम ओढली होती.

तान्को : आणि?

गोतोम : आणि काय! वर्षभर निवडुंगाकडे पाहत जेवलो.

तान्को : एक दिवस पुढे ढकला.

गोतोम : पाऊस ढकलशील? दोन सरी झाल्या. तिसरीच्या आत बी जागं व्हायला हवं. तुझ्या साहेबाला विचार, त्याच्या राज्यात पाऊस कोणाच्या हुकमानं पडतो.

नानरेत : म्हणजे इथं बसलो तर घरं जाळणार. खाली गेलो तर पीक जाणार. झकास. हे तुमचं राज्य, जावईबापू, कोणी बांधलं हो? बांधणाऱ्याला बायको होती का?

तान्को : माझं कसलं राज्य, आई! मी तिकडे डोंगरी लोकांचा जावई, इकडे साहेबाचा माणूस. माझं राज्य या कुंपणाच्या काट्यांवर.

नानरेत : थांबा. आपल्यातल्या कोणी ठिणगी पाडली तर, असं ना?

गोतोम : हो.

नानरेत : आणि परका असला तर?

गोतोम : परक्यानं खुशाल अख्खं मैदान पेटवावं. बियाला काय त्याचं!

नानरेत : जावईबापू, खालच्या चुली तुम्ही पेटवा.

तान्को : मी?

नानरेत : एका घरात पेटवायची, दुसऱ्यात पळायचं. रस्ता सरळच आहे. साहेबानं केलाय.

तान्को : आणि तो विचारील, माणसं कुठायत?

गोतोम : सांग, शेतात राबताहेत. त्याला आवडेल.

नानरेत : आणि म्हातारी माणसं तुम्हाला भिऊन झुडपात लपली, असं सांगा. ते तर फारच आवडेल.

तान्को : आई, परवा काय ठरलंय, विसरलात? परवा माझा तुंबा टांगायचा होता.

नानरेत : अगंबाई.

तान्को : लग्नासाठी तुमच्या शेतात राबलो. पाठीची सालं निघाली. तरी अजून दारू प्यायला कुंपणाबाहेर बसतो, उसन्या तुंब्यानं पितो. बाबांनी शब्द दिला होता, या बी जागवायच्या दिवशी तुझा तुंबा आमच्या तुंब्यांच्या ओळीत. पोराचा माझ्या शेजारी. पोरगा रोज विचारतो.

गोतोम : शब्द दिलाय. तुंबा कोरून तयार आहे. बघ, आढ्याला वाळतोय. गळ्याला वेणीची नक्षी काढली, पोरीनं, नाकुपनं सांगितली तशी.

तान्को : मग टांगा!

गोतोम : टांगीन. पण टांगला की तू आमचा झालास. मग खाली चुली कोण पेटवणार?

तान्को : म्हणजे तुमचा डोंगर वाचवायचा, तर मी परकाच राहायचं?

गोतोम : मी तसं नाही म्हटलं. तूच भाषांतर केलंस.

नानरेत : पोराचा टांगा हो. परवाच. आजोबाच्या शेजारी.

गोतोम : बापाच्या आधी पोराचा? असं कधी झालं नाही.

नानरेत : डोंगरावर पाळीनं इंग्रज सोसणं तरी कधी झालं होतं?

गोतोम : हं. टांगतो. माझ्या शेजारी एक खुंटी रिकामी सोडून.

तान्को : आणि ती खुंटी कधी भरायची?

गोतोम : साहेब गेला की.

तान्को : साहेब कधी जाणार?

गोतोम : ते तूच विचार त्याला. भाषा तुला येते.

नानरेत : जावईबापू, मन छोटं करू नका. तुंब्याचं काय, जितका जास्त वाळेल तितका टिकतो.

तान्को : आई.

नानरेत : काय हो?

तान्को : ओला लाकूडफाटा कुठे ठेवलाय? ओल्याचा धूर जास्त होतो.