गप्प बसणारी जेयलान

“मावशी, मालिकेतली जेयलान बापाला खरं का सांगत नाही?”

डॉक्टरकीच्या शिकवणीला जाते असं घरी सांगून नाटकाच्या तालमीला निघालेल्या इपेकला मैत्रिणींनी डिवचलं, तेव्हा इस्तंबूलच्या बोटीच्या रांगेत मालिकेवर वाद घालणाऱ्या दोन अनोळखी बायकांना तिने विचारलंच.

“सांगितलं तर मालिका संपेल ना, पोरी.”

“काहीतरीच, मुनेव्वेर. लेखकाला तिचा बापच कळला नाही. जो तापात मुलीला सूप भरवतो, तो ओरडेल, पण ऐकून घेईल.”

“मग ती गप्प का?” इपेकने विचारलं.

“रडणं सोपं पडतं तिला.”

“तू काय केलं असतंस, नेझाहत?”

“चहा ओतता ओतता सांगून मोकळी झाले असते.”

बोट लागली, तरी इपेक पुढे सरकेना.

संध्याकाळी तिने बाबांचा पेला भरला. थोडा चहा बशीत सांडला.

“बाबा, आई, मी शिकवणीला जात नाही. डॉक्टर होणार नाही. नाटकच करणार.”