निर्मलाताईची नदी

परीक्षेच्या हॉलमध्ये बसून मी एकदा नदीत पाय सोडून आले, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण खरंच झालं तसं.

मी तेव्हा पनवेलला कॉलेजात होते आणि निर्मलाताईची लेखनिक झाले होते. ताईला दिसत नाही. तिने उत्तर सांगायचं आणि मी लिहायचं, अशी विद्यापीठाची सोय असते. तिचा भूगोलाचा शेवटचा पेपर होता. मी प्रश्न वाचला, ‘नदी आणि मानवी वस्ती.’

ताई आपटा गावची, पातळगंगा नदीच्या काठावर वाढलेली. ती हळू आवाजात सांगायला लागली, "सकाळी पाणी गार असतं, पण दगडाला ऊन आधी लागतं. पाय ठेवला की कळतं, उजाडलं. बायका धुणं आपटतात, त्या आवाजावरून नदी केवढी रुंद हाय ते समजतं. पावसात समोरचा काठ लांब जातो..."

मी ऐकतच राहिले. पंख्याची घरघर, पर्यवेक्षक बाईंची पावलं, सगळं कुठेतरी वाहून गेलं.

"लिवलंस ना गं?"

खाली पाहिलं तर पान कोरं! तिचं वर्ष माझ्या हातात होतं.

"ताई, मी ऐकतच बसले गं."

ती म्हणाली, "घाबरू नको. आपल्याला जादा वेळ हाय." आणि तिने घडाघडा मुद्दे सांगितले. पाणीपुरवठा, शेती, वाहतूक. शेवटची ओळ लिहिली आणि घंटा झाली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मघाचंच पुन्हा का नाही सांगितलंस?"

"ते तुला सांगितलं होतं," ताई हसली. "हे पेपर तपासणाऱ्याला."