दगड पाणी पितो

न्हाई न्हाई, दगडाला न्हाई — थांब क्रांती, तो तांब्या खाली ठेव आदी. कुंकू लाव की, कोण नगं म्हणतंय? खंडेनवमी हाय, शिवतेजनं हौसेनं मलकापुरातनं नवा ग्राइंडर आणलाय — मी नगं म्हणत हुतो, पण ऐकतोय कुटं — तर पूजा व्हायाच पायजे. पण हितं, मोटारीच्या पत्र्याला लाव, एक बोट. ह्या दोन्ही अंगाच्या चाकांना काय लावायचं न्हाई. चाक म्हंजी दगड गं. दिसतोय घट्ट, पण आतनं बारीक बारीक भोकं असत्यात, पाणी पितो त्यो. आन् नारळ तर हितं फोडायचाच न्हाई, बाहेर पायरीवर फोड. सासरा लय कटकट्या हाय असं सांगशील नवऱ्याला — सांग जा. एवढं ऐक मातर.

हे बघ, मी पलटणीत वर्कशॉपला हुतो, सगळी नोकरी असल्या मशिनींवर गेली, म्हणून सांगतोय. नवा दगड बसवायच्या आदी बोटात अडकवायचा आन् लाकडी मुठीनं हळू वाजवायचा. पितळी वाटीवाणी खणखणला तर चांगला, थप् म्हणला तर तडा गेलाय, टाकून द्यायचा. बटण दाबताना समोर उभं ऱ्हायचं न्हाई — बाजूला — आन् जरा वेळ रिकामाच फिरू द्यायचा, थरथरला तर लगीच बंद. पदर खोचायचा, डोळ्याला चष्मा. कोयता टेकवायची ही पट्टी हाय न्हवं, ही दगडाला जवळ पायजे, फट मोठी ऱ्हायली तर कोयता आत ओढला जातो आन् दगड फुटतो. दगड झिजंल तशी पट्टी पुढं सरकवायची. पातं तापलं तर बादलीत बुडवायचं — पातं, दगड न्हाई. आन् बटण बंद केलं तरी चाक लय वेळ फिरत ऱ्हातं, ते थांबंस्तवर हात घालायचा न्हाई. थांबतच न्हाई लवकर. मला अजून ऐकू येतं — जेवताना, देवळात बसलो तरी — ते घुं घुं... काय न्हाई. वयामुळं हुत असंल.

जयराजचं? व्हय, शिवतेजनं सांगितलंच असणार. तुझा थोरला दीर. पलटणीतनं सुट्टीवर आल्ता. ऊसतोड तोंडावर आलेली, दसऱ्याच्या सकाळी म्हणाला, आबा, कोयत्यांना मीच धार लावतो. चष्मा लावला हुता त्येनं. समदं मी शिकवलेलंच करत हुता. मी गोठ्यात — जुनं मशीन चालू झालं आन् आवाज येगळा आला, थरथरल्यासारखा, मला कळलं, पण हाक मारंस्तवर दगड फुटला. तुकडा छातीत. आन् डोळं शाबूत हुतं बघ, चष्म्यामुळं. डाव्या अंगाचा दगड फुटला, उजव्या अंगाचा तसाच फिरत हुता. पोराला मांडीवर घेतलेलं, बटणापातूर हात पोचंना माझा. कोण बंद करायला येईना.

गावात काय सांगत्यात ठाव हाय मला. सयाजीनं, सख्ख्या बापानं, पट्टी ढिली ठेवली, पोरगं घालवलं. मीच सांगितलं तसं, पंचनाम्याला बी तेच. तुझी आत्याबाई माझ्याशी सरळ बोलत न्हाई, बघितलंस न्हवं? तुला म्हणती, मामांना इचार भाकरी वाढू का. मी समोर बसलेलो असतो. त्या दिसापासनं तसंच हाय ते.

पट्टी ढिली न्हवती, पोरी. वर्कशॉपचा माणूस मी, पट्टी कशी ढिली ठेवीन? फुटका तुकडा उचलला तर आतपातूर ओला, कुंकू झिरपलेलं. आदल्या दिवशी मी पलूसला बाजाराला गेल्तो, आन् सुलानं, तुझ्या सासूनं, पूजेला नारळ त्या दगडावरच फोडला, पाणी समदं वर वतलं — भक्तीनंच की, पोरगं सुखरूप घरी आलंय म्हणून. रातभर पाणी खालच्या अंगाला उतरलं, दगड एकीकडं जड झाला. असला दगड जोरात फिरला की ऱ्हातोय व्हय? तुकडा मी हिरीत टाकला, पोलीस यायच्या आदी. मग आईला काय सांगायचं? तुझ्या नारळानं गेला म्हणून? जगली नसती ती. माझ्यावर रागाला आली, त्या रागावर तरी जगली. पण लय एकटं वाटतं गं. पोरगं दोघांचं गेलं, आन् रडायला मला तिच्याजवळ बसता आलं न्हाई.

तिच्या कानावर जाता कामा न्हाई हे. शिवतेजला बी न्हाई. काय बोलून बसलो मी... तुझ्या हातात तांब्या बघितला आन् — ऐकतीस न्हवं? अशी काय बघतीस माझ्या मागं?

सुला. कवा आलीस गं देवळातनं?

न्हाई, तसं काय न्हाई. पोरगी नवी हाय, जरा भ्या घातलं तिला. पट्टीच ढिली हुती. मीच ठेवली हुती, गावाला ठाव हाय की समद्या — सुला, खाली बस. बस आदी. क्रांती, तू आत जा. जा म्हणतो ना.