दिवा लागला की बटण दाबायचं

बंद होतं हो, वायरमनदादा, दिव्याचं बटण बंदच होतं—एवढंही मला कळत नाही का? दिवा विझलेला, बल्ब गार, म्हणून तर बदलायला हात घातला. आणि असा झटका बसला म्हणून सांगू, खांद्यापर्यंत मुंग्या! काय म्हणालात? रिले, म्हणजे बटण दाबलं की दिवा चालू-बंद करणारा या डब्यातला स्विच, तो न्यूट्रलवर बसवलाय? म्हणजे दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते? अगं बाई! वीज येते त्या वायरीवर, फेजवर हवा होता तर. हे माझ्या लेकाला मात्र कळता कामा नये हं. इंजिनियर आहे तो. दोन दिवस रजा काढून, मांडी ठोकून बसवलाय त्याने हा डबा. ती बोटाएवढी हिरवी पट्टी आहे ना, तीच म्हणे याचा मेंदू.

कशाला म्हणजे? तो तिकडे ऑफिसात मोबाइलवर बोट ठेवतो—इथे टक् होतं, दिवा लागतो. लागला की मी हे लाल बटण दाबायचं. म्हणजे आई ठीक आहे. दहा मिनिटांत नाही दाबलं की शेजारच्या काकू किल्ली घेऊन हजर. मागे न्हाणीघरात पडले होते ना—तेव्हापासून. दिवसातून कितीदा? त्याला काळजी वाटेल तितक्यांदा! वेळ ठरलेली नाही, तीच तर मेख आहे. परवा केस धुताना साबणाच्या पायांनी धावले—पुन्हा पडले असते! हसू नका. माया आहे हो त्याची, मी कुठे नाही म्हणते? पण जीव गुदमरतो. आठ महिने झाले, कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नाही मी.

एक विचारू? डबा उघडलाच आहे, तर या बटणाच्या दोन वायरी आतच जोडता येतील? म्हणजे आपोआप उत्तर जाईल—फक्त गुरुवारपुरतं. थोरली बहीण आहे माझी, माणसं विसरत चाललीय. भाची म्हणाली, मावशी, अजून तुझं नाव घेते, लवकर ये. जाऊन येऊन चार तास. लेक म्हणतो, व्हिडिओ कॉल कर की. अहो, तिला पडद्यावरचं माणूस कळत नाही! असे का बघता? मी खरंच पडले तर कुणाला कळायचं नाही, हेच ना? ठाऊक आहे मला. पण पडायची वाट बघत घरात किती दिवस बसू?

थांबा—मेन कधीपासून बंद आहे? वीस मिनिटं? म्हणजे हा डबाही बंदच! आणि त्याने मध्येच विचारलं असलं तर—वाजला बघा फोन. हॅलो, हो रे राजा. नाही, पडले नाही. लाइट गेली होती. काकूंना कशाला पाठवलंस? बरं, ऐक ना, गुरुवारी मी मावशीकडे— हं. हं. कॅमेरा? कॅमेरा कशाला रे? ... नाही, रडत नाहीये. बरं. लाव. कुठे जाणार मी? घरातच आहे.

काकू आल्या वाटतं, कुलूप वाजतंय. दादा, तेवढी फेजची वायर नीट करा, मेन लावा आणि निघा. बटणाला हात लावू नका.