आळेफाट्याची पहिली दिवाळी

आमचं गाव डोंगरात, ताई, डिंगोऱ्याच्या पार वर, घाटाच्या अंगाला. भात आन् नाचणी, दुसरं काय पिकतंय तिथं. घरात आठ मानसं, मी थोरली. एसटी खालच्या रस्त्याला येनार, मोबाईलला रेंज टेकाडावर चढलं तर, तीबी मनात आलं तर. माझं नाव हौसा. आता दुकानात समदी हौसाताई म्हनत्यात, तवा कोन म्हनत व्हतं?

आश्रमशाळेत बारावी सायन्स केलं. मास्तर म्हनले, फार्मसी कर, औषधाच्या दुकानात उभी ऱ्हाशील. आमच्यात पोरगी शाळा संपली की एकाच ठिकानी जायची, सासरी. कॉलेजात पोरगी कशी धाडत्यात हे कुनालाच म्हाईत न्हवतं, आन् म्हाईत न्हाई म्हनून सांगायला आमची मानसं मरतील पन सांगनार न्हाईत. फॉर्म जुन्नरला कॉम्प्युटरवर भरला, मंग निरोप आला का आळेफाट्याच्या कॉलेजात कागद घेऊन या. बा म्हनला, आमी दोघं जातो. तर थोरला चुलता भडकलाच. पोरगी द्यायची आन् बापानं एकट्यानं जायाचं? तिथली लोकं म्हनतील, हिच्या मागं कोन हाय का नाय? झालं, जीप ठरली. माझ्यासंगं नऊ मानसं, धुवट टोप्या, पिशवीत नारळ आन् घरचं तांदूळ.

कॉलेज म्हंजी काय, खाली तीन खोल्या, वर दोन, मागं ट्रकचं गॅरेज. मला वाटलं व्हतं मोठ्ठं असंल. प्रिन्सिपल सरांनी कागद चाळलं आन् इचारलं, पालक कोन? नऊच्या नऊ उठून उभी ऱ्हायली. काय सांगू तुमाला, त्या ऑफिसातल्या बाईला हसू आवरंना. चुलत्यानं टेबलावर नारळ ठिवला, हात जोडले, म्हनला, सायेब, पोरगी तुमच्या पदरात घातली, चुकलीमाकली तर पोटात घाला. सर भला मानूस, हसले न्हाईत, म्हनले काळजी करू नका. जीप निघताना चुलता मला म्हनतो कसा, नीट नांद, शब्द दिलाय आमी. नांद म्हनं! तवा आमी समदीच हसलो, मीबी हसले.

नऊ मानसांनी आनून सोडली आन् ऱ्हायली मी एकटी. एका काकूंच्या घरावर खोली व्हती, खिडकीतून फाट्यावरची ट्रकं दिसायची. ताई, मला भात करता येईना. म्हंजी येत व्हता, पन हाताला आठ मानसांचं माप. मूठ सुटायची ती सुटायचीच. मंग शिळा भात सकाळी, संध्याकाळी तोच, एकटीनं भिताडाकडं बघत खायचा. आमच्यात कुनी एकटं जेवायला बसलं तर म्हातारी इचारती, आजारी हाईस का?

वर्गात पोरी वाईट न्हवत्या, पन मी "व्हतं" म्हनलं की एकमेकींकडं बघायच्या. मंग मी बोलायचंच सोडलं. हजेरीला येस सर, तेवढंच दिवसाकाठी तोंड उघडायचं. लॅबमधी दोघीदोघींनी काम करायचं, खलात औषध घोटायचं, वजन करायचं, मलम बनवायचं, आन् पोरींची संख्या विषम, त्यात ऱ्हायली कोन, तर मीच. लई एकटं वाटायचं, लई. फळ्यावरचं उतरवताना डोळं भरायचं, आन् वहीवर टिपूस पडला की घाम हाय म्हनून पुसायचं.

एवढ्यात दिवाळी आली. आता हे ऐका. आमच्यात लग्न झालेली पोरगी पहिल्या दिवाळीला आपल्या पायानं माहेरी जात न्हाई. घरनं मुराळी येतो न्यायला, बाप नायतर भाऊ. आपली आपन गेली तर गाव म्हनतं, टाकली, नायतर पळून आली. मी कुठं लग्न करून आले व्हते, पन नऊ मानसांनी दिलं व्हतं ना, माझ्याबी डोक्यात तेच बसलं. उठून गेले तर चुलता म्हनंल, नांदली न्हाई, आन् माझ्यामागं दोन बहिनी व्हत्या, त्यांचं शिकायचं दार बंद. फोन लावावा तर लागंना. पोरी आपापल्या बॅगा घेऊन गेल्या. काकू म्हनल्या, तू जात न्हाईस? म्हनलं, येनारेत न्यायला. चार दिवस मी बॅग घेऊन स्टँडवर बसले. जुन्नरची एसटी आली की उभी ऱ्हायची, समदी उतरली की खाली बसायची. भाऊबीजबी गेली. मंग मला राग आला, असा राग आला म्हनता! म्हनलं, विसरली मला. मेली का जिवंत हाय, कुनाला काय पडलंय!

रात्रीच ठरवलं, बास. दाखला परत द्या म्हनून अर्ज लिहिला आन् कॉलेज उघडलं त्या सकाळी ऑफिसात गेले. तर बाकड्यावर बा. टोपी गुडघ्यावर, पायाशी पिशवी. आत जाऊन सरांना म्हनतो, दिवाळी झाली, पोरीला चार दिस न्यायची परवानगी द्यावी. सर म्हनले, अहो बाबा, सुट्टी तर काल संपली, पोरी आपल्या आपन घरी जातात, परवानगी कशाला? बा माझ्याकडं बघतच ऱ्हायला. म्हनला, तुझा चुलता म्हनला कॉलेजचं बोलावनं येऊ द्या, आपनच धावत गेलो तर पोरीला हितं बरं न्हाई असं दिसंल. आमी रोज खालच्या रस्त्याला जाऊन बसत व्हतो, वाटलं, धाडतील पोरीला.

म्हंजी बघा, मी हितं जुन्नरहून येनारी एसटी बघत व्हते आन् बा तिथं जुन्नरहून येनारीच एसटी बघत व्हता. आमी दोघं स्टँडवर जाऊन बसलो. पिशवीत भाकरी, करंज्या. चार महिन्यांनी मी कुनाच्या शेजारी बसून जेवले, ताई, आन् मोठ्यांदा रडले, लोकं बघत व्हती तरी रडले. बा म्हनला, चल घरी. शब्द गेला चुलीत, चुलत्याला मी बघतो. आन् त्यानं चल म्हनलं तसं माझं जायचं मनच गेलं. कुनीतरी न्यायला यावं, एवढंच पायजे व्हतं मला. म्हनलं, बा, उद्यापास्नं परीक्षा हाय. तो एकटाच परत गेला. अर्ज पिशवीतच ऱ्हायला.

पास झाले. दोघींचं काम एकटीनं केलं म्हनून हात चांगला बसला व्हता. आता हितंच, स्टँडासमोरच्या औषधाच्या दुकानात हाय, डोंगरातली मानसं चिठ्ठी घेऊन सरळ माझ्याकडंच येत्यात. बहिनी दोघी शिकल्या. पन खरं सांगू, घरी गेले की आई घोंगडी अंथरती, कपबशीतून चहा देती. पावनी झाले मी. खोलीवर आता एकीचंच माप हाताला बसलंय, ते बसल्याचंच कधीकधी वाईट वाटतं.

माझ्याकडं स्कूटी हाय, तरी बा दर दिवाळीला एसटीनं यायचा. दुकानाच्या पायरीवर टोपी काढून बसायचा, गिऱ्हाइकाला सांगायचा, लेकीला न्यायला आलोय. यंदा त्याचे गुडघे गेलेत. निरोप धाडलाय, मला काय उतरवंना, तू तुझी ये. बॅग भरून ठिवलीय. काल जुन्नरची एसटी आली तर मी काउंटरवरनं मान वर करून बघितलं, सवय, दुसरं काय.

जाईन की. यंदा मीच माझी मुराळी. तुमचं माहेर कुठं, ताई? जाऊन या, सुखानं जाऊन या. कुनी न्यायला येईल म्हनून बसू नका, घरचीबी तिकडं तुमचीच वाट बघत असतील.