काळ्या दोरीचा दगड

नोबुए : आजही दगड? बागेतली जवळची वाट आजही बंद?

सेगावा : काळ्या दोरीनं बांधलेला दगड वाटेत दिसला की मागं वळायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको, बाई.

नोबुए : वळतेच की. तळ्याला वळसा घालून, तुमच्या त्या पाइनच्या झाडाखालून. तुम्ही शिडीवर, मी खाली, की लागल्या गप्पा. कारण तरी काय?

सेगावा : त्या वाटेवर मुद्दाम वाढवलेलं शेवाळ अजून कोवळं आहे, पायाखाली तुडवलं जाईल. आणि डॉक्टरांनी तुम्हाला चालायलाच सांगितलंय ना?

नोबुए : नवरा गेल्यावर मन रमवायला चालायला सांगितलं. माळीबुवांच्या तालावर नव्हे. सरकवा ती शिडी, शेजारच्या चेरीला लागून केसांत पाकळ्या पडतायत.

*

नोबुए : आता या पावसात कसलं शेवाळ वाचवताय?

सेगावा : शेवाळ नाही, गांधीलमाशा.

नोबुए : भर पावसात?

सेगावा : त्यांनाही आडोसा लागतोच.

नोबुए : तिकीटखिडकीतल्या बाईंनी सगळा हिशोब दिलाय मला. मी साडेनऊला येते. दगड नऊ पंचविसाला पडतो. मी गेले की उचलला जातो.

सेगावा : त्या बाई तिकिटं कमी फाडतात, तोंड जास्त चालवतात.

नोबुए : मग खरं कारण सांगा.

सेगावा : तळ्याकाठी आयरिसची फुलं आलीत. वळशाच्या वाटेवरूनच नीट दिसतात ती.

नोबुए : आणि तुम्हीही.

*

सेगावा : मेपलची पानं बघा, यंदा रंग चांगला धरलाय. बर्फाच्या भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनला दोऱ्या बांधल्या, की माझी नोकरी संपली. मुलगी चिबाला, तिच्या घरी राहायला बोलावतेय.

नोबुए : जाणार?

सेगावा : इथं 'राहा' म्हणायला कोण आहे?

नोबुए : सरळ म्हणायला तुम्हाला तरी कुठं जमलं? वर्षभर दगडाआडूनच बोलत आलात.

*

(पहिला बर्फ. सेगावाच्या हातात प्रवासाची पिशवी.)

सेगावा : हा दगड कोणी ठेवला? फाटकाच्या वाटेवर?

नोबुए : वाट बंद असेल.

सेगावा : बाहेर जायची वाट कधी बंद नसते, बाई. अकराची गाडी आहे माझी.

नोबुए : मग ओलांडा.

सेगावा : एक्केचाळीस वर्षांत मी असा दगड ओलांडलेला नाही.

नोबुए : तोच हिशोब धरला होता मी.

सेगावा : आणि ही गाठ कसली? बुटाची नाडी बांधल्यासारखी?

नोबुए : वर्षभर लांबूनच बघितली. जवळ जायची सोय कुठं होती?

सेगावा : ही पिशवी धरा जरा.

नोबुए : सोडताय?

सेगावा : नीट बांधतोय. असली गाठ अकराच्या आत सुटायची.