दारात द्यायची रोकड

दिनांक १४ मार्च, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर आम्ही सात जण बसलो होतो. माझ्या शेजारी बसलेल्या बहीण-भावाचे वडील आदल्या दिवशी घरी एकटेच असताना कोसळले होते. भाऊ नुकताच परगावाहून पोहोचला होता.

“ताई, दार कोणी फोडलं?”

“पार्सलवाल्याने. शेजारी गोळा केले त्याने.”

“ते तर खोकं दाराशी टाकून पळतात.”

“पैसे आधी भरले तर पळतात. म्हणून बाबांकडे काही पाठवताना मी दारात रोख द्यायचं ठरवते.”

“त्याचे चाळीस रुपये जास्त लावतात, ताईसाहेब.”

“ठाऊक आहे. तरी आठवड्यातून दोनदा मागवते.”

“तरीच बाबा म्हणायचे, ताईने माझ्या घरात मोज्यांचं दुकान थाटलंय.”

“मोजे, साबण, काहीही चालतं. बाबांच्या हातून पैसे घेतल्याशिवाय त्याला हलता येत नाही.”

“हे सुचलं कसं तुला?”

“मागे एकदा पैसे आधी भरले होते. खोकं तीन दिवस उंबऱ्यावर, आणि बाबा आत तापाने फणफणलेले. फोन उचलत नाहीत, सोबतीला माणूस ठेवू देत नाहीत. मग काय करणार?”

“काल थांबला तो?”

“वीस मिनिटं. हाका मारल्या, मग खिडकीतून त्याला बाबांचा पाय दिसला.”

“आणि मी तुला अडाणी म्हणायचो.”

“खुशाल म्हण. बाबा शुद्धीवर येऊ देत.”



नऊ चाळीसला परिचारिका बाहेर आली.

“डोळे उघडलेत. पार्सलवाल्याचे पैसे राहिले, असं सारखं म्हणताहेत.”

“आणि तब्येत?”

“नाडी बहात्तर.”